धायटी सगळीकडे आहे, मग काळजी कसली?

फेब्रुवारी संपत आला की वारज्याच्या टेकडीवरचं गवत वाळून आडवं झालेलं असतं. मुरमाड वाट पांढरी पडलेली असते, बहुतेक झाडांची पानं गळून गेलेली असतात. अशा वेळी उतारावरची काही झुडपं मात्र बुडापासून शेंड्यापर्यंत लाल फुलांनी भरून जातात. कंबरेपासून डोक्यापर्यंत उंचीची, लांब वाकलेल्या फांद्यांची ही झुडपं म्हणजे धायटी. सिंहगडाच्या वाटेवर, वेताळ टेकडीवर, पुण्याभोवतीच्या जवळजवळ प्रत्येक डोंगरावर ती दिसते.

धायटीबद्दल टेकडीवर फिरणाऱ्यांकडून दोन गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे, ‘ही तर कुठेही उगवते, हिला काय जपायचं?’ आणि दुसरी, ‘पूर्वी हा सगळा उतार लाल व्हायचा, आता तसा होत नाही.’ पहिलं वाक्य खरं असेल तर दुसरं खोटं असलं पाहिजे, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. ती कशी, हे समजून घ्यायचं तर एखादी वनस्पती ‘धोक्यात’ आहे की नाही हे शास्त्रज्ञ कसं ठरवतात, ते आधी पाहावं लागेल.

ही धायटी कोण?

संस्कृतात धातकी, मराठीत धायटी, शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. तिचं कुळ मेंदीचं. डाळिंब आणि महाराष्ट्राचं राज्यफूल असलेला ताम्हण हेही याच कुळातले. पानं समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी निमुळती. पान उलटून पाहिलं तर खालच्या बाजूला बारीक काळसर ठिपके दिसतात. जून खोडाची साल तांबूस असते आणि तिचे पातळ पापुद्रे सुटत राहतात.

आपण जिला लाल फूल म्हणतो ती खरं तर पाकळ्यांची करामत नाही. ती लाल नळी म्हणजे पुष्पकोश, म्हणजे इतर फुलांत कळीला बाहेरून झाकणारा हिरवा भाग. धायटीत तोच लांबट नळीसारखा आणि लाल असतो. पाकळ्या त्याच्या तोंडाशी असतात, पण इतक्या पातळ आणि लहान की शोधाव्या लागतात. नळीतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात आणि तळाशी मध असतो. जांभळा शिंजीर आपली बाकदार चोच नळीत घालतो तेव्हा पराग त्याच्या कपाळाला लागतात आणि पुढच्या फुलापर्यंत पोचतात. याच सुमारास, उन्हाळ्याच्या तोंडावर, शिंजीर घरटी बांधायच्या गडबडीत असतो. डोंगरावर इतर फुलं कमी झालेली असताना धायटी फुलते, म्हणून तिच्या मधाचं मोल मोठं. मधमाश्याही तिथेच असतात.

फूल सुकलं तरी नळी गळून पडत नाही. तिच्या आतच लहानसं बोंड तयार होतं आणि त्यात अगदी बारीक, भरपूर बिया असतात. मे महिन्यात धायटी करड्या, वाळक्या नळ्यांनी भरलेली दिसते. पाहणाऱ्याला ते झुडूप मेलेलं वाटतं, पण त्याच वेळी त्याचं बी पावसाच्या तयारीत असतं. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

लाल यादी कशी बनते

जगातल्या प्राणी आणि वनस्पतींच्या जाती नामशेष होण्याच्या किती जवळ आहेत, याची सर्वांत मान्य नोंद म्हणजे ‘लाल यादी’. ती ठेवणारी संस्था आययूसीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघ. संस्थेची स्थापना १९४८ सालची आणि यादीची सुरुवात १९६४ ची. सुरुवातीला जाणकारांच्या मतावर भर होता. नंतर आकड्यांवर आधारलेले निकष आले आणि आज वापरात असलेली त्यांची आवृत्ती २००१ ची आहे. आतापर्यंत १ लाख ६० हजारांहून अधिक जाती या निकषांवर तपासून झाल्या आहेत.

निकष पाच आहेत आणि प्रत्येक जातीला ते सगळे लावून पाहतात. त्यांपैकी एक जरी लागू झाला तरी ती जात संकटग्रस्त ठरते. संकटग्रस्तांमध्येही तीन पायऱ्या आहेत. सर्वांत खालची ‘असुरक्षित’, त्यावर ‘धोक्यात’ आणि सर्वांत गंभीर ‘अतिधोक्यात’.

चौकट : संकटग्रस्त ठरण्याचे पाच रस्ते
(आकडे ‘असुरक्षित’ या पहिल्या पायरीचे)

घट : दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात, संख्या निदान ३० टक्क्यांनी कमी होणं. घटीचं कारण संपलेलं असेल आणि उलटवता येण्याजोगं असेल, तर ही मर्यादा ५० टक्के.
आवाका : जात जिथे-जिथे आढळते त्या टोकाच्या ठिकाणांना जोडणारं क्षेत्र २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, किंवा प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र २,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, शिवाय सतत होणारी घट, तुकडे पडणं अशा अटी.
लहान आणि घटती संख्या : पूर्ण वाढलेल्या, बीजधारणा करणाऱ्या व्यक्ती १०,००० पेक्षा कमी आणि त्यातही घट.
अगदी लहान संख्या : अशा व्यक्ती १,००० पेक्षा कमी.
गणिती अंदाज : पुढच्या १०० वर्षांत नामशेष होण्याची शक्यता निदान १० टक्के.

यांपैकी काहीच लागू नसलेल्या, भरपूर आणि दूरवर पसरलेल्या जातींना ‘लीस्ट कन्सर्न’ हा शेरा मिळतो, म्हणजे तूर्त चिंता नाही. माहिती अपुरी असेल तर वेगळा शेरा. आणि जी जात अजून तपासलीच गेलेली नाही ती ‘अमूल्यांकित’. तिला धोका नाही असा याचा अर्थ नव्हे.

आता हे निकष धायटीला लावून पाहू. धायटीचा प्रदेश पाकिस्तानपासून हिमालयाच्या पायथ्याने म्यानमार आणि दक्षिण चीनपर्यंत जातो. खाली सगळा भारत, श्रीलंका आणि समुद्रापलीकडे मादागास्करही त्यात येतो. टोकाची ठिकाणं जोडली तर क्षेत्र २०,००० चौरस किलोमीटर सोडाच, लाखोंच्या घरात जातं. झुडपांची संख्या हजारांत मोजण्यासारखी नाही. सगळ्या जगातली धायटी तीन पिढ्यांत तीस टक्क्यांनी घटायची तर आशियातले हजारो डोंगर एकदम उघडे व्हावे लागतील. पाचही रस्ते बंद. म्हणून जागतिक पातळीवर धायटी काळजी न करण्याच्या गटातच बसते, आणि ते योग्यच आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे शिंदळ माकुडी. मांसल खोडाची आणि ताऱ्यासारख्या गडद लाल, पिवळ्या ठिपक्यांच्या फुलाची ही वनस्पती मुंबई प्रांताचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून ‘फ्रेरिया इंडिका’ म्हणून ओळखली जाते. ती फक्त महाराष्ट्रात सापडते, तीही शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्या डोंगरांच्या कड्यांवर. तिचा एक कडा ढासळला तर जगातल्या सगळ्या शिंदळ माकुडीचा मोठा हिस्सा जातो. लाल यादी मुळात अशा जातींसाठी, त्या कायमच्या नाहीशा होऊ नयेत म्हणून आहे. ते काम ती चोख करते. आपण मात्र तिला एक वेगळाच प्रश्न विचारतो आणि तिच्या उत्तराचा भलता अर्थ लावतो.

दोन किलोमीटरचा चौकोन

‘प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र’ कसं मोजतात ते पाहिलं की हा गोंधळ स्पष्ट होतो. नकाशावर दोन किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद अशा चौकोनांची जाळी टाकतात. ज्या चौकोनात ती जात आढळली तो चौकोन भरलेला धरतात. चौकोनात एक झुडूप असो की दहा हजार, मोजणीत तो एकच. एका चौकोनाचं क्षेत्र चार चौरस किलोमीटर, म्हणजे ४०० हेक्टर.

आता वारज्याकडे येऊ. वन विभागाने स्थानिक लोकांच्या सहभागातून २०१५-१६ पासून इथल्या १६.८ हेक्टर उघड्या टेकडीवर वन उभं केलं. ५ जून २०२० रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, केंद्र सरकारने देशात २०० नगरवनं उभारायची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून याच वारजे स्मृतिवनाकडे बोट दाखवलं गेलं. ही १६.८ हेक्टर जागा त्या एका चौकोनाच्या सव्वाचार टक्क्यांहूनही कमी भरते. या टेकडीवरची शेवटची धायटी उद्या उपटली गेली आणि त्याच चौकोनात, एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, हद्दीत कुठेतरी एक झुडूप उरलं, तर जागतिक हिशेबातला आकडा तसूभरही बदलणार नाही.

याहून मोठी जागा घेऊन पाहू. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या गावांमध्ये वारजं होतं. त्या तेवीस गावांच्या डोंगरउतारांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे ‘बीडीपी’चं, आरक्षण पडलं. वर्षानुवर्षांच्या वादानंतर २०१५ मध्ये राज्य सरकारने ते मान्य केलं. त्याचं क्षेत्र ९७८ हेक्टर. हे सगळंच्या सगळं बांधकामाखाली गेलं, तरी लाल यादीच्या जाळीत ते अडीच चौकोनांएवढंही भरत नाही. आणि ‘असुरक्षित’ ठरण्याची मर्यादा पाचशे चौकोनांची आहे.

जिल्ह्याची पावसाची सरासरी भरली म्हणून आपल्या गावची विहीर भरतेच असं नाही. सरासरी खोटी नसते, ती फक्त विहिरीबद्दल काही सांगत नाही. लाल यादीचा शेरा हा जिल्ह्याचा आकडा आहे. शिंजीर, मधमाशी आणि टेकडीची माती यांचा संबंध विहिरीशी येतो.

म्हणून बीडीपीच्या किंवा कुठल्याही डोंगराच्या चर्चेत ‘इथे एकही दुर्मिळ वनस्पती नाही’ असा मुद्दा मांडला जातो तेव्हा तो मला अपुरा वाटतो. डोंगर चालतो तो नेहमीच्या, भरपूर असलेल्या वनस्पतींवर. मुळांनी माती धरणं, पक्ष्यांना मध देणं, पाचोळा करणं, दुसऱ्या झाडांच्या रोपांना आडोसा देणं ही कामं धायटी, करवंद, मुरुडशेंग, तरवड यांच्यासारखी झुडपं करतात. दुर्मिळ वनस्पती दुर्मिळ असल्यामुळेच ही कामं पेलू शकत नाही.

झुडूप दिसतं, रोप दिसतं का?

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. पूर्वी खूप होती, आता कमी झाली. ही घट डोळ्यांना उशिरा का कळते, याचं उत्तर झुडपाच्या जगण्याच्या पद्धतीत आहे.

धायटी चिवट असते. फांद्या तोडल्या, वणव्यात होरपळली, तरी जमिनीतल्या बुडख्यातून ती पुन्हा फुटते. त्यामुळे एकच झुडूप अनेक वर्षं एकाच जागी राहतं. आपण दरवर्षी तेच झुडूप पाहतो आणि सगळं ठीक आहे असं समजतो. पण जातीचं भवितव्य जुन्या झुडपांवर नसतं, ते नव्या रोपांवर असतं. जुनी झुडपं एकेक करून मरतील तेव्हा त्यांची जागा घ्यायला कोणी आहे का, हा खरा प्रश्न.

नवं रोप येण्यासाठी बऱ्याच गोष्टी एका पाठोपाठ एक जुळून याव्या लागतात. फुलाला परागीभवन व्हावं लागतं. बोंड पिकेपर्यंत फांदी झाडावर राहावी लागते. बारीक बी पावसाच्या आधी जमिनीवर पडून उजेड आणि ओल असलेल्या मातीत रुजावं लागतं. बारीक बियांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच, म्हणून जाड पाचोळ्याखाली किंवा दाट सावलीत ते रोप उभं राहू शकत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुळं खोल गेली नाहीत तर पहिल्याच मार्च-एप्रिलमध्ये ते वाळतं. आणि ते तगलं तरी फेब्रुवारी ते मे या काळात वणवा आला, तर बुडखा तयार नसलेल्या लहान रोपाला पुन्हा फुटता येत नाही. मोठं झुडूप त्याच आगीतून वाचतं.

या साखळीतली एक कडी दरवर्षी तुटत राहिली, तरी पंधरा-वीस वर्षं टेकडीवर धायटी दिसत राहते. ती फक्त म्हातारी होत जाते. मग काही वर्षांच्या अंतरात बरीच झुडपं संपतात आणि लोकांना अचानक जाणवतं की उतार आता लाल होत नाही. घट प्रत्यक्षात कितीतरी आधी सुरू झालेली असते.

लाल यादीच्या पहिल्या निकषात ‘तीन पिढ्या’ हा शब्दप्रयोग का आहे, ते इथे कळतं. पिढी म्हणजे बी टाकणाऱ्या झुडपांचं सरासरी वय. वर्षभरात जीवनक्रम संपवणाऱ्या तेरड्यासाठी दहा वर्षं हा मोठा काळ आहे. बुडख्यातून पुन्हा-पुन्हा फुटणाऱ्या झुडपासाठी तीन पिढ्या म्हणजे कित्येक दशकं, आणि इतक्या लांबवर मागे पाहायचं तर जुन्या नोंदी हव्यात. पुण्याचं भाग्य असं की इथे नोंदींची परंपरा आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. वाळवून कागदावर चिकटवलेल्या, तारीख आणि ठिकाण लिहिलेल्या त्यांच्या संग्रहातल्या फांद्या म्हणजे डोंगरांचं जुनं दप्तरच आहे.

टेकडी एकटी पडली की अडचण आणखी वाढते. आययूसीएनचे देश किंवा प्रदेशापुरत्या मूल्यांकनाचे वेगळे नियम आहेत. त्यांत एक प्रश्न आवर्जून विचारला जातो. इथली जात संपत आली तर शेजारच्या प्रदेशातून बी येऊन ती पुन्हा वसू शकेल का? येऊ शकत असेल तर धोका थोडा कमी धरतात. करवंदाचं फळ बुलबुल खातो आणि बी दूर टाकतो, त्यामुळे करवंदाला इमारती ओलांडून नवी टेकडी गाठता येते. धायटीला तसा वाहक नाही. तिचं बी वाऱ्याने थोडं उडतं, पावसाच्या पाण्याबरोबर उतारावरून खाली जातं, बस इतकंच. वारज्याच्या टेकडीच्या एका अंगाला मुंबई–बंगळूर महामार्ग आहे, पायथ्याशी वस्ती आहे. खडकवासल्याच्या बाजूच्या डोंगरांशी तिचा दुवा जितका राहील तितकीच बाहेरून मदत येण्याची आशा.

फुलांना बाजार आहे

धायटीची आणखी एक बाजू शहरात फारशी ठाऊक नाही. घरातल्या द्राक्षासवाच्या किंवा अशोकारिष्टाच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचली तर त्यात ‘धातकी’ सापडेल. आसवं आणि अरिष्टं ही आंबवून केलेली औषधं. काढा किंवा रस, त्यात गूळ किंवा साखर, आणि वाळवलेली धायटीची फुलं असं मिश्रण बंद भांड्यात ठेवतात. फुलांच्या मधावर यीस्टच्या सूक्ष्म पेशी मुळातच वस्ती करून असतात. गोड द्रवात त्या वाढतात आणि साखरेचं मद्यार्कात रूपांतर करतात. तयार झालेला मद्यार्क औषधातले गुण उतरवून घेतो आणि ते टिकवतोही. शेकडो वर्षांपूर्वी कोणी सूक्ष्मदर्शक पाहिलेला नसताना हे फूल नेमकं कसं निवडलं गेलं असेल, याचं मला आश्चर्य वाटत आलं आहे. शिवाय फुलांत टॅनिन भरपूर, म्हणून रंगाईतही त्यांचा वापर होतो.

ही फुलं बहुतांशी रानातून येतात. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी झालेल्या २००७-०८ च्या अभ्यासात देशात ९६० जातींचा व्यापार होत असल्याचं आढळलं आणि त्यांतल्या १७८ जातींची खरेदी वर्षाला शंभर टनांहून जास्त होती. त्या १७८ मध्ये धायटी होती. मुख्यतः शेतीतून येणाऱ्या जाती त्यांत फक्त ३६. २०१७ च्या पुढच्या अभ्यासात व्यापारातल्या जाती १,१७८ झाल्या आणि शंभर टनांच्या वरच्या २४२. केंद्र सरकारने किमान आधारभूत किंमत ठरवलेल्या गौण वनोपजांतही धायटीची वाळलेली फुलं आहेत. डोंगरातल्या कितीतरी कुटुंबांच्या उन्हाळ्यातल्या कमाईत त्यांचा वाटा असतो.

फूल तोडल्याने झुडूप मरत नाही. पण तोडलेल्या फुलाचं बोंड होत नाही. फांदीवरची काही फुलं राखून बाकीची काढली तर दोन्ही साधतं. फांदीच्या फांदी छाटली किंवा दरवर्षी सगळा उतार ओरबाडला, तर वर सांगितलेली साखळी पहिल्याच कडीत तुटते. म्हणजे जागतिक शेरा ‘चिंता नाही’ असतानाच एखाद्या खोऱ्यातली धायटी बीच न टाकता म्हातारी होत असू शकते. या दोन गोष्टींत विरोध नाही.

झाडं लावण्याच्या भरात

वारज्यात किंवा पुण्याच्या इतर टेकड्यांवर फुलांची तोड हा मुख्य प्रश्न नाही. इथे बांधकाम, वणवे आणि राडारोडा हे तर आहेतच. पण ज्या गोष्टीकडे आपण चांगलं काम म्हणून पाहतो, त्या वृक्षारोपणाबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

पुण्याच्या टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून पूर्वी गिरिपुष्पाची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. याचंच आपल्याकडचं दुसरं नाव उंदीरमारी. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड मुरमाड जमिनीतही झपाट्याने वाढतं. हेतू चांगला होता आणि टेकड्या हिरव्या झाल्याही. पण गिरिपुष्पाच्या दाट एकसुरी सावलीत ऊन मागणारी धायटी तग धरत नाही. जिथे सावली नाही तिथे घाणेरीने, म्हणजे टणटणीने, जागा अडवली. तीही अमेरिकेतून आलेली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पतिउद्यानामार्फत देशात शिरलेली. आज अनेक ठिकाणी गिरिपुष्प काढून देशी झाडं लावण्याचे प्रयत्न होतात आणि त्यांचं स्वागतच केलं पाहिजे.

मात्र देशी वृक्ष लावतानाही एक चूक सर्रास होते. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, खड्डे घेण्यासाठी जागा ‘साफ’ केली जाते. नेमका तोच काळ धायटी वाळक्या नळ्यांनी भरलेली, बी पिकलेली असण्याचा. अनोळखी नजरेला ते निव्वळ वाळकं झुडूप दिसतं. ते उपटून तिथे वडाचं किंवा पिंपळाचं रोप लावलं जातं, त्याला टँकरने पाणी घातलं जातं आणि फोटोत एक झाड वाढल्याची नोंद होते. प्रत्यक्षात पाण्याविना जगणारं, फुलणारं, बी देणारं एक झुडूप गेलेलं असतं.

यामागे समज असा की डोंगर म्हणजे उंच झाडांचं जंगल, आणि झुडपं-गवत म्हणजे बिघडलेलं जंगल. पुण्याच्या पूर्वेकडे सरकत जाणाऱ्या कमी पावसाच्या पट्ट्याबद्दल हा समज चुकीचा आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातले विरळ झाडांचे गवताळ माळ निदान साडेसातशे वर्षं जुने आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जंगल तोडून झालेली ही अलीकडची उजाड जमीन नाही. तिथे गवत, झुडपं आणि मधूनच एखादं झाड अशीच मूळ घडण आहे. धायटीसाठी हे घर आहे. तिथे दाट वृक्ष लावणं म्हणजे तिचं घर दुरुस्त करणं नव्हे.

कायद्याचा आधार या बाबतीत तोकडा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या वनस्पतींच्या अनुसूचीत मोजक्याच जाती आहेत आणि त्या दुर्मिळ म्हणूनच घेतलेल्या आहेत. सर्वत्र आढळणाऱ्या झुडपाला जातीनिशी संरक्षण मिळत नाही. ते मिळतं जागेच्या संरक्षणातून, म्हणजे राखीव वन, बीडीपी आणि एकास पाचपेक्षा जास्त चढाच्या उतारावर बांधकामाला असलेली बंदी, यांतून. म्हणून धायटीच्या दृष्टीने डोंगरउताराचं आरक्षण टिकणं हे कुठल्याही यादीतल्या शेऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

वारज्यात काय करता येईल

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांच्या सहभागाने भरायची ‘लोक जैवविविधता नोंदवही’ यांची तरतूद केली आहे. गाव असो की महानगरपालिका, दोघांनाही ती लागू आहे. जागतिक यादीत जे दिसत नाही ते टिपण्याची ही जागा. तिच्यात ‘धायटी : आढळते’ एवढीच ओळ असून भागत नाही. कोणत्या उतारावर किती झुडपं आहेत, गुडघ्याखालची रोपं दिसतात का, गेल्या उन्हाळ्यात वणवा गेला होता का, हे लिहिलं तरच पुढच्या दहा वर्षांनी तुलना करता येईल.

हे काम शास्त्रज्ञांचीच वाट पाहत थांबायला नको. धायटी फेब्रुवारी-मार्चमध्ये लांबून ओळखू येते आणि तिची गल्लत होण्यासारखं दुसरं झुडूप त्या काळात सहसा नसतं. उताराचा एक ठरावीक तुकडा निवडावा, त्याचा दरवर्षी त्याच जागेवरून फोटो घ्यावा, फुललेली झुडपं मोजावीत, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा जाऊन रोपं शोधावीत. शाळेच्या एका वर्गाला, फिरायला जाणाऱ्यांच्या एका गटाला हे सहज जमण्यासारखं आहे. फोटो ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’सारख्या खुल्या संकेतस्थळावर तारखेसह ठेवले तर ते कायमच्या नोंदीत जातात. ओळख पक्की करायला श्रीकांत इंगळहळीकर यांची सह्याद्रीच्या फुलांवरची पुस्तकं आहेतच.

आणि येत्या मे महिन्यात तुमची संस्था किंवा तुमची सोसायटी वारज्याच्या टेकडीवर खड्डे घ्यायला जाणार असेल, तर आदल्या दिवशी एखादा माहीतगार माणूस बरोबर घेऊन उतारावर एक फेरी मारा. धायटी, करवंद, मुरुडशेंग, तरवड जिथे दिसतील तिथे चुन्याची खूण करा आणि खड्डा तिथून बाजूला घ्या.